डिझेलच्या तोंडचा घास

समुद्रातल्या विहिरी आटायला लागल्या तेव्हा कुणाचाच विश्वास बसला नाही. तेल म्हणजे काय पाणी आहे आटायला, असं लोक हसून म्हणायचे. त्या तेलाच्या जिवावर देशात परमुलखातून गहू यायचा, तांदूळ यायचा, साखर यायची, आणि घरच्या जमिनीवर मोटारींचे बाजार भरायचे. देणारा भरभरून देत असतो तेव्हा माणसाला वाटतं, हे आपणच कमावलं. मग धान्याची जहाजं उशिरा यायला लागली, मग अर्धी भरून यायला लागली, आणि पुढे तर बंदरावरच्या क्रेन नुसत्याच माना वर करून आभाळाकडे बघत उभ्या राहिल्या.

या सगळ्या उलथापालथीत एका माणसाचं नाव मात्र तेवढं टिकलं. त्याला सगळे टँकर म्हणायचे. उभी हयात त्यानं तेलाचा टँकर चालवला होता, आणि अंगानंही तो तसाच होता, मागून रुंद, पुढून गोल. आता टँकर भंगारात गेला होता, पोट रेशनमध्ये गेलं होतं, नाव राहिलं होतं.

सरकारनं शहराचे वॉर्ड पाडले आणि प्रत्येक वॉर्डाला तीन गोष्टी दिल्या. एक मोकळी जमीन, एक बैलजोडी आणि एका पेरणीपुरतं बियाणं. रेडिओवर सांगितलं, पुढच्या वर्षी ज्याचं त्यानं पिकवायचं. टँकरच्या वॉर्डाला विमानतळाच्या धावपट्टीशेजारचं मैदान मिळालं. विमानं उडायची बंद झाल्यापासून तिथे गुडघाभर गवत माजलं होतं. बैल आले ते बसच्या डेपोत, बस धुवायच्या शेडमध्ये बांधले. फरशीत तेलाचा वास इतका मुरलेला होता की पहिले दोन दिवस बैल नाकपुड्या फुगवून नुसते फुरफुरत राहिले.

आता यांना हाकायचं कुणी? वॉर्डाचा कारभार पंपवाल्या काकांकडे होता. त्यांचा चौकात पेट्रोलपंप होता म्हणून ते पंपवाले काका. आता त्या पंपाच्या छपराखाली कोबीची रोपं होती.

“अरे टँकर,” काका म्हणाले, “भरलेला टँकर घाटातून उतरवलायस तू. दोन बैल काय जड आहेत तुला?”

“काका, त्याला ब्रेक होते.”

लोक खो खो हसले. बैलांची नावंही त्याच हशात पडली. पांढरा, उंच, मस्तवाल तो पेट्रोल. तांबडा, ठेंगणा, डोळ्यांत कायम काहीतरी विचारत असल्यासारखा तो डिझेल. अख्ख्या देशात डिझेल नाही, आमच्या वॉर्डात मात्र शेण टाकतंय, असं म्हणत म्हातारी माणसं मुद्दाम डेपोपर्यंत चालत यायची.

बैल पोचवायला जनावरांची डॉक्टरीणबाई सायकलवरून आली होती. तिच्याकडे बरेच वॉर्ड होते. घाईघाईनंच तिनं समजावलं. “पाणी वेळेवर. खूर रोज बघायचे. आणि खाणं बदलायचं असेल तर हळूहळू, मूठ-मूठ वाढवत. यांना गवत-कडब्याची सवय आहे.” टँकरनं मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे कळणं नव्हे, हे आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे; प्रवचनाला बसून आपणही डोलावतोच की.

टँकरची बायको वॉर्डाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. पूर्वीचं फर्निचरचं मोठं दुकान होतं ते. काचेवर अजून ‘आरामात झोपा’ असं लिहिलेलं, आणि आत चुली. मोठ्या पातेल्यात लांब उचटणं फिरवताना ती गायची. तिचं देवाशी बोलणं माहेरच्या माणसाशी बोलावं तसं होतं, तक्रार आधी, नमस्कार मागून. स्वतःच जुळवलेल्या ओळी ती गुणगुणायची:

*दिलंस तेवढं वाटून खाऊ,*
*उरलं नाही तर तुझ्याकडे पाहू.*

बाकीच्या बायका म्हणायच्या, “ताई, हल्ली आपण फारच त्याच्याकडे पाहतोय. मान अवघडली.” ती हसायची आणि गाणं पुढे चालवायची.

मैदानाच्या एका कोपऱ्यात जोडी पहिल्यांदा नांगराला लावली त्या दिवशी अडचण कळली. पेट्रोल ओढायचा आणि डिझेल मागे पडायचा. जू तिरकं व्हायचं, नांगर एका बाजूला सरकायचा. मागे वळून पाहिलं तर पंपवाले काका कमरेवर हात ठेवून उभे.

“हे नांगरलंय की साप गेलाय?”

“एक चाक कमी हवेचं आहे काका,” टँकर घाम पुसत म्हणाला. “भरून घेतो.”

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच घोळत राहिलं. डिझेलमध्ये ताकद भरायची. कालव्याचं पाणी पाळीनं मिळायचं. आपल्या पाळीला मैदान भिजणार, पाणी मुरणार, आणि माती ना चिखल ना दगड अशी झाली की मोजक्याच दिवसांत नांगरून पेरून मोकळं व्हायचं. जुन्या माणसांकडे याला वाफसा म्हणतात, आणि वाफसा कुणासाठी थांबत नाही. तेवढ्यात मैदान उलटलं नाही तर वॉर्डाला पुढचं वर्ष भाकरी नाही. सगळ्यांना हे माहीत होतं. म्हणूनच येता-जाता लोक डिझेलच्या पाठीवर थाप मारायचे आणि टँकरला म्हणायचे, “सगळं तुझ्यावर आहे हं बाबा.”

टँकरला कष्टाचा वाटा म्हणून कच्चा गहू मिळायचा. तो त्यातला थोडा-थोडा बाजूला काढायला लागला. गाडीच्या ऑइलचा रिकामा कॅन त्यानं धुऊन, उन्हात वाळवून घेतला होता. त्यात तो गहू टाकायचा आणि शेडमधल्या बंद बसच्या सीटखाली लपवायचा.

घरी, टायरच्या दुकानावरच्या खोलीत, संध्याकाळी बायको विचारायची, “जेवलात का?”

“डेपोतच जेवलो. तू?”

“मी किचनमध्येच. वासानंच पोट भरतं माझं.”

“मग मला पण थोडा वास आणत जा.”

ती हसायची. दोघं पाणी पिऊन आडवे व्हायचे. खोटं बोलायची कला दोघांच्याही अंगात नव्हती, पण भुकेला खोटं बोलायला शिकवावं लागत नाही.

कारण तीही तेच करत होती. किचनमधल्या बायकांना ती सांगायची, “माझा वाटा न शिजवता कोराच द्या, घरी दोघं मिळून जेवू.” आणि त्या वाट्यातला गहू ती जात्यावर जाडसर भरडून साठवायची. डिझेल तिला बघितलं की मान पुढे करायचा, तिच्या मनगटावरचं पीठ चाटायचा. एवढा मोठा देह आपल्याकडे मागतो आहे आणि आपल्या हातात काही नाही, हे तिला सोसत नव्हतं. मुक्या जिवाच्या मुखात घातलेला घास थेट वर पोचतो, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. ऐकलेलं खोटंही नव्हतं. पण किती घालावा, हे गाऊन सांगणाऱ्यानं सांगितलेलं नसतं.

कालव्याचं पाणी आलं. मैदान भिजलं. पंपवाल्या काकांनी मूठभर माती उचलली, दाबली, सोडली. ढेकूळ झालं नाही, हात भरला नाही. “उद्या,” ते म्हणाले. “उद्या सकाळी उजाडलं की धरायचं.”

त्या दुपारी शेडमध्ये कुणी नाही असं बघून टँकरनं कॅन काढला. गळ्यापर्यंत भरला होता. पेट्रोलकडे पाठ करून त्यानं तो सगळा गहू डिझेलच्या टोपल्यात ओतला. डिझेल दाण्यांवर तुटून पडला. टँकरनं त्याच्या मानेवर हात ठेवला.

“खा बाबा. रस्ता लांबचा असला की टाकी फुल करायची, मध्ये पंप लागत नाही.”

मग तो नांगराचा फाळ आणायला गॅरेजवाल्याकडे गेला. तिथे फाळाला धार लावता लावता संध्याकाळ झाली.

संध्याकाळी किचनचं आवरून बायको डेपोत आली. बादलीत तिनं भरडा कोमट पाण्यात कालवून आणला होता, वर चिमूटभर मीठ. डिझेल शांत उभा होता, थोडा जड दिसत होता. तिला वाटलं, विश्रांती घेतोय. बादली पुढे केली आणि त्यानं तोंड घातलं. पोट भरलं म्हणून जनावर दाण्याला नको म्हणत नाही. तेवढी अक्कल देवानं माणसालाही दिलेली नाही.

“देवा,” ती म्हणाली, “उद्या याच्या पायात बळ घाल. माझं काय, माझं पोट सवयीचं आहे.”

बादली चाटूनपुसून रिकामी झाली. तिनं ती नळावर धुतली आणि हलकी होऊन घरी गेली.

सकाळी अख्खा वॉर्ड डेपोत जमला होता. कुणी फावडी आणली, कुणी बियाण्याच्या पिशव्या, एका म्हातारीनं तर बसायला पाट आणला होता, नांगरट बघायला. टँकर शेडमध्ये गेला आणि बाहेर आलाच नाही. काका आत गेले.

डिझेल बसला होता. डाव्या कुशीवर पोट ढोलासारखं वर आलेलं, डोळे आत गेलेले. दात करकर वाजत होते. शेडमध्ये आंबलेल्या पिठासारखा वास होता. टँकर त्याच्या शेपटाकडून जोर लावून उठवत होता आणि म्हणत होता, “स्टार्ट घे रे, स्टार्ट घे.”

एक जण सायकलवरून डॉक्टरीणबाईला आणायला पिटाळला. ती आली तोवर ऊन डोक्यावर चढलं होतं. तिनं पोटावर बोटं वाजवली, कान लावला, हिरड्या बघितल्या. मग तोंडातून नळी घातली, खायच्या सोड्याचं पाणी आत सोडलं, आणि नळीतून परत आलेला पांढरा चोथा बोटांवर घेतला.

“धान्य कुणी घातलं याला?”

टँकर म्हणाला, “मी.”

“किती?”

त्यानं कॅन दाखवला. गर्दीतून कुणाचा तरी श्वास जोरात बाहेर पडला. एवढा गहू त्या वॉर्डात कुणी एका माणसाकडे बघितला नव्हता.

“पोटात आंबतं ते,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, दमलेपण होतं. “सवय नसली की आम्ल होतं. आणि एवढ्याशा कॅननं इतकं नाही व्हायचं. गहू अख्खा घातलास?”

“हो.”

“मग हे दळलेलं काय आहे?” तिनं बोटं पुढे केली. “भरडा आहे हा. आणखी कुणी घातलंय?”

टँकरनं त्या बोटांकडे पाहिलं. मग मान वळवली. शेडच्या दाराशी बायको उभी होती, पदराचा बोळा तोंडात धरून. त्याला तिची मनगटं दिसली. एवढी बारीक कधी झाली ही? आणि मग ‘किचनमध्येच जेवले’ हे तिनं किती वेळा सांगितलं, ते सगळं एकदम त्याच्या कानात वाजलं. तिनं मान हलवली, पाऊल पुढे टाकलं.

“मीच,” तो मोठ्यानं म्हणाला. “दुपारी अख्खा घातला आणि संध्याकाळी भरडून. दोन्ही मीच.”

“अरे पण एवढा गहू?” काका पुढे आले. “तुझ्या एकट्याच्या वाट्याचा होतोच कुठे इतका? आणि भरडलास कुठे?”

तो डिझेलच्या पोटावर हात फिरवत राहिला.

“किचनच्या जात्यावर,” गर्दीतून कुणीतरी बोललं. “बायको तिथेच असते ना याची. आमच्या लेकरांच्या तोंडचा गहू रे, चोरट्या!”

शब्द पडला तो पडलाच. एकदा एकानं म्हटल्यावर बाकीच्यांना म्हणायला हिंमत लागत नाही. काकांनीही, इतक्या वर्षांच्या ओळखीच्या काकांनी, मान खाली घालून म्हटलं, “टँकर, मागितलं असतंस तर आम्ही काय नाही म्हणालो असतो?”

“चोरी नाही केली त्यांनी!” बायको गर्दीतून वाट काढत आली. “ऐका माझं. भरडा मी घातला. माझ्या वाट्याचा होता. रोज थोडा-थोडा मागे ठेवला मी. यांना माहीतसुद्धा नव्हतं. अर्धं पाप माझं आहे.”

किचनमधली तिची मैत्रीण, लठ्ठ आणि भाबडी, जिला सगळ्या थोरलीबाई म्हणायच्या, ती डोळे पुसत पुढे आली आणि तिनं टँकरच्या बायकोला पोटाशी धरलं.

“बघा ही बाई! रोज आपला वाटा उपाशीपोटी घरी नेते, नवऱ्याला घालायला म्हणून. आम्ही नाही का बघत? यानं तिच्या तोंडचंही काढून बैलाला घातलं, आणि ही त्याचं पाप अंगावर घेतेय!”

“नाही गं, तसं नाही—”

“गप. तुझ्यासारखी तूच.”

पाट घेऊन आलेल्या म्हातारीनं तर हातच जोडले. टँकरची बायको एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. आयुष्यभर खरं बोलत आल्याची ही शिक्षा की काय देव जाणे. आज खरं बोलली आणि ते कुणालाही खरं वाटलं नाही. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली आणि डिझेलच्या तोंडावरच्या माश्या हाकलायला लागला.

डॉक्टरीणबाईनं जमेल ते केलं. पुन्हा नळी घातली, पुन्हा सोडा. त्याला उभं करून चालवायचा प्रयत्न केला, पण पाय लटपटले. दुसऱ्या दिवशी दुपारी डिझेलनं मान कुशीकडे वळवली आणि ती तशीच राहिली. त्याच्याजवळ तेव्हा टँकर होता आणि त्याची बायको होती. दोघं दोन बाजूंना बसली होती. मध्ये तो पडला होता. ती गायला गेली, पण ओळ अर्ध्यातच थांबली.

“तुम्हाला माहीत होतं का, मी जेवत नाही ते?” तिनं विचारलं.

“नाही. तुला?”

“नाही.”

“दोघं शहाणे,” तो म्हणाला, आणि मग पहिल्यांदा रडला.

पेट्रोल एकटा चालेना. जू मानेवर ठेवलं की तो मोकळ्या बाजूला वळून बघायचा आणि पाय रोवून उभा राहायचा. चाबूक दाखवला, दाणा दाखवला. शेवटी शेजारच्या वॉर्डाला त्यांच्या म्हाताऱ्या बैलाच्या जागी दुसरा बैल हवा होता म्हणून पेट्रोल तिकडे दिला, त्यांच्या पिकातून काही पोती मिळतील या बोलीवर. मैदान माणसांनी फावड्यांनी खणायला घेतलं. शाळेतली पोरं, म्हातारी, पंपवाले काका, सगळी. तळहात फुटले. पण वाफसा थांबला नाही. माती वरून पांढरी पडली, मग तिला तडे गेले, आणि फावडं मारलं की ठण्ण आवाज यायला लागला. तोवर धावपट्टीच्या कडेची अरुंद पट्टी तेवढी पेरून झाली होती. उरलेलं बियाणं पिशव्यांतच राहिलं.

त्या पट्टीत सगळ्यात जास्त खणलं ते टँकरनं. त्याच्या दोन्ही बाजूंना शेजारी कुणी नव्हतं. तो जिथे उभा राहायचा तिथून माणसं चार पावलं सरकायची, इतकंच. कुणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

खणणं संपलं त्या दिवशी जेवणाची रांग लागली. आता वाटा आणखी कमी झाला होता, पातळ खिचडी, पळीभर. थोरलीबाई वाढायला होती. टँकरच्या बायकोची ताटली आली तशी तिनं इकडेतिकडे बघून दोन पळ्या घातल्या.

“जास्त झालं,” ती म्हणाली.

“खा गं. तुझ्यासारखीनं खाल्लं तर आम्हाला पुण्य लागेल. पण इथेच खा हं, घरी नेऊ नकोस.”

मागून टँकरची ताटली आली. त्यात अर्धीच पळी पडली.

दोघं फुटपाथच्या कडेला बसली. तिनं आपली ताटली त्याच्यापुढे सरकवली. त्यानं ती परत सरकवली.

“मी परत सांगते सगळ्यांना,” ती म्हणाली. “चौकात उभी राहून सांगते. चोर म्हणतात तुम्हाला.”

“सांग. परत हात जोडतील तुला.”

“तुम्ही तरी सांगा ना मग. तुमचं ऐकतील.”

“चोराचं?” तो जरासा हसला. मग त्याचा चेहरा पुन्हा होता तसा झाला. “एकाला चोर म्हणून झालंय त्यांचं. दोन चोर करून त्यांना गहू मिळणार आहे का? उलट तुला किचनमधून काढतील. मग तू खाणार काय?”

“माझ्या घशाखाली नाही उतरत.”

“माहीत आहे.”

“मी पण मारलं त्याला.”

“अगं माहीत आहे ना,” तो हळूच म्हणाला. “म्हणूनच म्हणतोय. तू उपाशी राहिलीस तर मी हे कशासाठी घेतलं अंगावर? खा.”

रांगेतून थोरलीबाई बघत होती. तिनं खूण केली, खा, खा. टँकरच्या बायकोनं बोटांत घास धरला. जेवणाआधी देवाचं नाव घेतल्याशिवाय तिनं जन्मात कधी अन्नाला हात लावला नव्हता. तिनं ओठ उघडले. नाव आलं नाही. रस्त्यावरून लोक जात होते, तिच्याकडे बघून मान लववत होते आणि त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

“खा,” तो पुन्हा म्हणाला.

तिनं घास तोंडात घातला आणि तो गिळेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली.